मातृवंदनेपलीकडचे ऋण

चिखलदऱ्याला गेलेला प्रवासी कीचकाची कथा ऐकून परततो. विदर्भातील हे एकमेव थंड हवेचे ठिकाण सातपुड्याच्या गाविलगड रांगेत सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसले आहे. भीमसेनाने कीचकाचा वध करून त्याला येथल्या दरीत लोटले, म्हणून ती कीचकदरा आणि कीचकदऱ्याचाच पुढे चिखलदरा झाला, अशी लोकश्रद्धा आहे. वधानंतर भीमाने जेथे स्नान केले ते भीमकुंड आणि विराटराजाची नगरी होती ते जवळचे वैराट. वध करणारा आणि वध झालेला, दोघांचीही नावे या पठाराने जपली. जिच्यासाठी हे सारे घडले, त्या स्त्रीचे नाव मात्र येथे सहसा कानी पडत नाही.

महाभारताच्या विराटपर्वातील मूळ प्रसंग पाहण्यासारखा आहे. अज्ञातवासाच्या त्या वर्षी द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेच्या अंतःपुरात राबत होती. वेणीफणी करणे, हार गुंफणे, चंदनाची उटी उगाळणे ही तिची नित्याची कामे. कीचकाचा छळ असह्य झाला तेव्हा ती रात्री भीमाकडे गेली ती पाकशाळेत. कारण बल्लव हे नाव धारण करून भीम तेथे राजाचा आचारी झाला होता. तिने आपले दुःख सांगितले आणि उटी उगाळून घट्टे पडलेले हात त्याच्यापुढे धरले. ते हात आपल्या मुखाशी धरून भीम रडला, असे व्यासांनी लिहिले आहे. कीचकाचा वध त्यानंतरचा.

पराक्रमाचा उत्तरार्ध आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. भीमाने आधी ते हात पाहिले, हा पूर्वार्ध सांगावयाचा राहून गेला. घरात राहून आयुष्यभर घरच सांभाळणाऱ्या आईच्या बाबतीत हिंदू समाजाचे आज नेमके हेच झाले आहे. तिची स्तोत्रे आपल्याला पाठ आहेत. तिचे हात पाहावयाचे राहून गेले आहेत.

न दिसणारे काम

वऱ्हाडातील गृहिणीचे वर्ष पंचांगाने आणि पावसाने बांधलेले असते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ज्वारीच्या खारोड्या, पापड, कुरडया, शेवया व्हावयास हव्यात. तुरीची डाळ करून, ऊन दाखवून डब्यांत भरावयास हवी. चिखलदऱ्यासारख्या पठारावर तर मृगाआधीची ही बेगमी म्हणजे चार महिन्यांची शिदोरीच. आषाढ-श्रावणात तेथे धुके दारातून थेट घरात येते. कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत, मीठ पाझरते, काडेपेटी सादळते. घरोघरी चुली होत्या तेव्हा सरपण कोरडे राखणे हीच मोठी विद्या होती आणि तान्ह्याची दुपटी चुलीच्या उबेवर वाळवून घ्यावी लागत. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. त्यांच्या नैवेद्याला पुरण हवे, आंबील हवी, सोळा भाज्या हव्यात. पाठोपाठ भुलाबाई आणि तिच्यासाठी रोज निराळा, मुलींना ओळखता येऊ नये असा खाऊ. मुले शिक्षणासाठी घाट उतरून परतवाड्याला किंवा अमरावतीला गेली, की एस. टी.च्या चालकाच्या हाती सोपवलेला जेवणाचा डबा सुरू होई.

मोठेपणी मुलांना त्या डब्याची चव आठवते. तो डबा सकाळच्या गाडीला मिळावा म्हणून आई किती वाजता उठत होती, हे विचारले तर बहुतेकांना सांगता येणार नाही. घरकामाचा स्वभावच असा आहे, की ते नीट पार पडले तर दिसत नाही आणि चुकले तरच डोळ्यांत भरते. वरणात मीठ कमी पडले तर अवघे घर बोलते. वीस वर्षे ते बेताचे पडत आले, याची नोंद कोणीच ठेवीत नाही. म्हणूनच ‘आई काय करते?’ या प्रश्नाला सुशिक्षित घरांतूनही सहज उत्तर येते, ‘काही नाही, घरीच असते.’

याच तालुक्यातील कोरकू मातेची स्थिती अधिक कठीण आहे. तिला शेत आणि रोजगाराचे काम चुकत नाही आणि घरचेही सुटत नाही. पावसाळ्यात धो-धो पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यातील खडीमलसारख्या गावांना उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याकडे डोळे लावून बसावे लागले आहे. अशा वेळी हंडा कोणाच्या डोक्यावर असतो, हे सांगावयास नको. मेळघाटातील कुपोषणावर गेल्या तीन दशकांत पुष्कळ लिहिले गेले. त्या लिखाणात आई भेटते ती बहुधा बालकाच्या वजनाच्या तक्त्याशेजारी. तिच्या स्वतःच्या दिवसाविषयी त्यात फारसे काही सापडत नाही.

शासनदरबारी

ही उपेक्षा केवळ घरापुरती राहिली नाही. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची गणना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्यासमवेत ‘काम न करणाऱ्यां’त करण्यात आली होती. २०१० साली एका अपघात भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अशोककुमार गांगुली यांनी ही वर्गवारी असंवेदनशील ठरवून तिच्यावर कठोर ताशेरे ओढले. तत्पूर्वी, जमशेदपूर येथे १९८९ साली झालेल्या भीषण आगीच्या प्रकरणात २००१ मध्ये याच न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३,००० रुपये धरले होते. २०२१ च्या जानेवारीत न्यायालयाने २०११ च्या जनगणनेचा दाखला दिला. देशातील सुमारे १६ कोटी स्त्रियांनी घरकाम हा आपला मुख्य व्यवसाय सांगितला होता. पुरुषांची संख्या ६० लाखांच्याही आत होती. २०२४ च्या फेब्रुवारीत तर न्यायालयाने स्पष्टच म्हटले, की गृहिणीचे मोल कमावून आणणाऱ्या व्यक्तीहून कमी लेखता येणार नाही.

या साऱ्या निवाड्यांतील एक गोष्ट मन अस्वस्थ करते. गृहिणीच्या कामाची किंमत ठरविण्याची वेळ प्रत्येक वेळी ती गेल्यानंतर आली. जिवंतपणी तिचा हिशेब कोणी मांडला नाही. मृत्यूनंतर भरपाईच्या अर्जावर तो मांडावा लागला.

केंद्र सरकारने २०२४ साली वेळेच्या विनियोगाची देशव्यापी पाहणी केली. तिच्यानुसार सहा वर्षांवरील ८१.५ टक्के स्त्रिया रोज घरातील बिनमोबदला कामे करतात. पुरुषांत हे प्रमाण २७.१ टक्के आहे. ही कामे करणारी स्त्री त्यांसाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देते, तर करणारा पुरुष ८८ मिनिटे. लहानांचे आणि वृद्धांचे संगोपन यात धरलेले नाही. ते आणखी वेगळे. शंभरांतील त्र्याहत्तर पुरुष घरातील कामाला हातच लावीत नसतील, तर मातृपूजक म्हणवून घेणाऱ्या समाजाला हा आकडा भूषणावह कसा म्हणावा?

दोन टोके

या प्रश्नावर दोन उत्तरे दिली जातात. पहिले पश्चिमेकडून आले. १९७२ च्या सुमारास युरोपात ‘घरकामाला वेतन द्या’ अशी चळवळ उभी राहिली. या कामाला मोल आहे हे जगापुढे मांडल्याचे श्रेय तिला द्यावयास हवे. परंतु वेतन म्हटले, की मालक आला. गृहिणीला पगार देणारा पती हा तिचा सहचर न राहता धनी होतो, आणि आजारी सासऱ्याच्या उशाशी काढलेल्या रात्रीची मजुरी कोणत्या दराने लावावी, हे कोणताही कायदा सांगू शकत नाही. कुटुंब हा करार नव्हे, तो संस्कार आहे, हा आपला विचार येथे अधिक खोल जातो.

दुसरे उत्तर आपले, आणि ते तपासून पाहण्याचे धैर्य आपण दाखवावयास हवे. ‘ती त्यागमूर्ती आहे’ असे म्हणून आपण हात जोडतो. हात जोडलेले असले, की ते भांडी घासायला मोकळे राहत नाहीत! गृहिणी म्हणजेच घर, असे आपली परंपरा सांगते. पण त्या घराच्या मालकीपत्रावर तिचे नाव बहुधा नसते. त्याग हा ज्याने त्याने स्वेच्छेने करावयाचा असतो. एकाच्या त्यागावर दुसऱ्याने विसावणे याला आपल्या शास्त्रांनी कधी धर्म म्हटलेले नाही.

येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. गृहिणीचा गौरव म्हणजे नोकरी करणाऱ्या स्त्रीला दिलेला टोमणा नव्हे. रुक्मिणी, दमयंती, लोपामुद्रा या विदर्भकन्या. जिजामातेचे माहेर सिंदखेडराजा हेही वऱ्हाडातलेच. यांपैकी एकीनेही घर आणि कर्तृत्व यांत भिंत उभी केली नाही. बाहेर काम करून आलेली स्त्री संध्याकाळी पुन्हा त्याच ओट्यापाशी उभी राहते, तेव्हा अन्याय दुहेरी होतो.

कार्यकर्त्याच्या घरातील ताट

संघकार्याचा इतिहास मैदानावरील शाखेत जेवढा घडला, तेवढाच स्वयंपाकघरांतही घडला. पूर्वसूचना न देता आलेल्या प्रचारकासाठी वाढलेले पान, रात्री अकराला बैठक आटोपून आलेल्या चौघांसाठी पुन्हा पेटलेली चूल, वर्गाला निघालेल्यांना बांधून दिलेल्या पोळ्या हे सर्व कोणी केले? शतक ओलांडलेल्या संघटनेच्या इतिवृत्तांत बैठकींच्या तारखा आहेत, उपस्थितांची संख्या आहे. त्या रात्री पोळ्या लाटणाऱ्या माउलीचे नाव सहसा नाही.

४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली. असंख्य घरांतील कर्ता पुरुष गजाआड गेला. मार्च १९७७ पर्यंतच्या त्या काळात मुलांच्या शाळा, म्हाताऱ्यांची औषधे, वाण्याची उधारी आणि शेजाऱ्यांचे टाळलेले डोळे या सर्वांना तोंड दिले ते घरातल्या स्त्रीने. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आणीबाणीतील बंदींना मानधन सुरू केले. २०२० मध्ये थांबलेले हे मानधन २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. बंदीला पूर्ण आणि त्याच्या पश्चात जोडीदाराला निम्मे, अशी त्याची रीत. नियम म्हणून त्यात गैर काही नाही. परंतु भिंतीच्या आतील कारावासाला पूर्ण आणि बाहेरच्या कारावासाला अर्धे, हे आपल्या सर्वांच्याच मनातील प्रमाण त्यात नकळत उमटले आहे.

आपल्याच परंपरेत याहून वेगळी दृष्टी होती. वर्ध्याच्या लक्ष्मीबाई केळकर या एक गृहिणी. १९३२ मध्ये वैधव्य आले आणि लेकरांचा भार खांद्यावर पडला. अशा स्थितीत त्यांनी डॉ. हेडगेवारांशी विचारविनिमय केला आणि १९३६ च्या विजयादशमीला राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. घर सांभाळणारी स्त्री राष्ट्र घडवू शकते, हे त्यांनी घर न सोडता सिद्ध केले. मावशींचे स्मरण करणाऱ्यांनी हा अर्थ ध्यानी घ्यावयास हवा.

आचारातील कृतज्ञता

कुटुंब प्रबोधन हा आज संघाच्या पंच परिवर्तनातील एक विषय आहे. त्याचा आरंभ कोठून करावा? पहिली गोष्ट, आईच्या आठवणी लिहून काढाव्यात. रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक, आनंदीबाई कर्वे यांनी आठवणी लिहिल्या, म्हणून त्या काळचे घर आपल्याला आतून दिसते. वऱ्हाडातल्या घरोघरच्या आयांकडे अशीच सामग्री आहे आणि ती रोज थोडी थोडी पुसली जात आहे. नातवंडांनी वही घेऊन आजीपाशी बसावे. खारोड्यांची कृती विचारावी आणि त्यासोबत तिला काय शिकावयाचे होते, काय राहून गेले, हेही विचारावे.

दुसरी गोष्ट नावाची. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदपत्रांवर वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला आहे. हे नाव जन्मदाखल्यावरून घराच्या दस्तावर आणि सात-बारावरही यावयास हवे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले होते. विचारधारा वेगळी असली तरी चांगल्याचे अनुकरण करण्यात कमीपणा कसला?

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि म्हणूनच सर्वांत अवघड. पहाटे शाखेत दंड-बैठका काढणाऱ्या हातांनी परतल्यावर घरातील पाणी भरावे, कणीक मळावी, पानेही उचलावीत. बलोपासनेला यात कोठेही बाधा येत नाही. हजार हत्तींचे बळ असलेला भीम वर्षभर विराटाच्या पाकशाळेत राबला आणि त्याच हातांनी त्याने कीचकाला मारले. पुढील बैठक एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी होईल, तेव्हा जेवण झाल्यावर सर्वांनी उठून आपापले ताट घासून ठेवावे आणि इतिवृत्तात त्या घरच्या माउलीचे नाव लिहावे. मातृवंदना तेथून सुरू होईल.