गणिताचे श्राद्ध

दहावीचा निकाल लागला की आमच्या वडोदऱ्याच्या वासण्यात सोसायटी-सोसायटीच्या बाकावर मोफत सल्ला केंद्र उघडते. आमच्या बाकावरच्या सल्लागारांचा सिद्धान्त सुटसुटीत आहे. मुलीला डॉक्टर करायचे ना? मग बी ग्रुप, म्हणजे गणिताऐवजी बायोलॉजी, घ्या आणि गणिताचे श्राद्ध दहावीतच घालून मोकळे व्हा. नीटचे १८० प्रश्न, ७२० गुण, गणिताचा प्रश्न एकही नाही. जे विचारत नाहीत ते शिकायचे कशाला? गणित घेणाऱ्या ए ग्रुपवाल्याने मात्र सगळे घोटावे, कारण इंजिनिअर म्हणजे गणितच. झाले! दोन वाक्यांत दोन पिढ्यांची सोय लागली.

आता या सिद्धान्ताकडे वळू. नीटमध्ये गणित नाही हे खरे. पण फिजिक्सचे ४५ प्रश्न काय आरतीच्या चालीवर सुटतात? नीट दिलेल्या प्रत्येकाला मेडिकलची जागा मिळत नाही, हेही बाकावर कोणी बोलत नाही. अपशकुन होतो म्हणे.

पण माझे खरे भांडण ‘बायोलॉजी म्हणजे पाठांतर’ या समजुतीशी आहे. वडोदऱ्याहून छोटा उदेपूर, नर्मदेकडे गेलात की आदिवासी पट्टा लागतो. तिथे सिकलसेलचा आजार आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही जनुक सदोष आले तर मूल आजारी; एकच आला तर ते नुसते वाहक, वरून धडधाकट. समजा, दहा हजारांत शंभर मुले आजारी आहेत (आकडे उदाहरणापुरते). मग वाहक किती? बाकावर विचारले. उत्तर आले, “असतील दोनेकशे.” उत्तर आहे अठराशे! आजारी शंभरात एक, म्हणजे सदोष जनुकाचे प्रमाण त्याचे वर्गमूळ, दहात एक. आणि वाहक २ × ०.१ × ०.९, म्हणजे १८ टक्के. आणखी पुढे चला. आजारी मुले शंभरावरून पंचवीसवर आली, तर बाकावर पेढे वाटले जातील. वाहक मात्र साडेनऊशे उरतील. आजार चौथाईवर, वाहक जेमतेम निम्म्यावर. गावात तपासणी किती जणांची करायची, हे त्या वर्गमुळावर ठरते. हे सूत्र १९०८ साली मांडणाऱ्या दोघांपैकी हार्डी हा निव्वळ गणिती होता, आणि ते बारावीच्या बायोलॉजीच्या पुस्तकातच आहे. बी ग्रुपची मुलगी ते घडाघडा म्हणते. यावर सल्लागार म्हणाले, “वर्गमूळ तर आठवीचे!” बरोबर. पण दोन जनुकांची प्रमाणे एकमेकांशी का गुणायची, बेरीज का नाही, हा संभाव्यतेचा प्रश्न आहे. आणि ती नीट समजण्याचे वय येते तेव्हाच तुम्ही वही बंद करायला सांगता.

हा वाद जुनाच. आमच्या कॉलेजच्या दिवसांत कॅल्क्युलेटर आला, तेव्हा ‘आता लॉग कशाला?’ असे विचारणारे होतेच. तेही बहुधा कुठल्यातरी बाकावरच बसत. लॉग टेबल गेले, लॉग राहिला. रक्ताचा पीएच ७.४ वरून ७.१ वर आला तर फरक दिसतो ०.३ चा; हायड्रोजन आयन मात्र दुप्पट झालेले असतात. ज्याला लॉग ठाऊक नाही तो म्हणेल, थोडासाच तर उतरलाय!

मग शिकायचे काय? माझी यादी लहान आहे. लॉग आणि घातांक, संभाव्यता आणि संख्याशास्त्र, बदलाचा दर म्हणजे विकलन, आणि आलेखाखालचे क्षेत्रफळ समजण्यापुरते संकलन. बायोलॉजीवाल्याचे शंकुच्छेद आणि त्रिमितीय भूमिती थांबू शकतात. ए ग्रुपवाल्यानेही विकलन आधी उरकावे. अकरावीच्या फिजिक्सला ते आरंभीच लागते आणि गणिताच्या पुस्तकात शेवटाकडे येते. ज्याला झेपेल त्याच्यासाठी ए-बी असा जोडग्रुप आहेच. ट्युशनच्या धबडग्यात वेळ कुठून काढायचा? रविवार आणि मे महिना, याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही. पण विषय निवडताना ‘परीक्षेत काय येते’ यापेक्षा ‘पुढच्या विज्ञानात काय अडते’ हे विचारावे, एवढे मी ठामपणे म्हणतो.

सल्लागारांच्या थोरल्या चिरंजिवांनी वडिलांचा सल्ला मानला होता. नीट झाली, जागा हुकली, बी. फार्मला प्रवेश मिळाला. तिथे पहिल्याच सत्रात बायोलॉजीकडून आलेल्यांना ‘रेमेडियल मॅथेमॅटिक्स’ हा विषय असतो: लॉग, मॅट्रिक्स, विकलन, संकलन, थेट लाप्लास ट्रान्सफॉर्मपर्यंत, सगळे ३० तासांत. परवा संध्याकाळी तो वही घेऊन माझ्याकडे आला. वडील खाली बाकावर नवी गिऱ्हाइके सांभाळत होते. मी खिडकी लावून घेतली आणि लॉगपासून सुरुवात केली.