आपल्या नोंदी कुणाच्या हाती?

गेल्या पावसाळ्यात आमच्या समुपदेशन केंद्रात पन्नाशीच्या एक मावशी आल्या. आल्या त्या थेट म्हणाल्या, "ताई, माझा कागद द्या." कुठला कागद, ते मला कळेना. मी या केंद्रात आले ती एम.एस.डब्ल्यू. झाल्यानंतर, दहा-अकरा वर्षांपूर्वी. मावशींचा कागद त्याच्याही आधीचा, २००४ सालचा होता.

हकीगत अशी. नवऱ्याने दुसरं घर केलं तेव्हा मावशी आमच्या केंद्रात आल्या होत्या. चार बैठका झाल्या. शेवटी नवरा, सासरे आणि दोन पंच यांच्या सह्यांनिशी लेखी कबुली झाली. घराच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या मावशींच्या ताब्यात राहतील, विहिरीचं पाणी त्यांना मिळेल, स्त्रीधनाची यादी सोबत जोडली आहे, असं त्यात लिहिलं होतं. त्या कागदाच्या जोरावर मावशी त्या दोन खोल्यांत राहिल्या आणि मुलगी वाढवली. आता नवरा गेला, सासरे कधीच गेले. दीर म्हणतात, असं काही ठरलंच नव्हतं, खोल्या रिकाम्या कर. मावशींकडची प्रत २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला आलेल्या महापुरात गेली. म्हणून त्या आमच्या प्रतीसाठी आल्या होत्या.

आमची प्रत? २०११ साली केंद्राची जागा बदलली, तेव्हा जुने बॉक्स फायलींचे गठ्ठे फाडून टाकले गेले. "सगळं संगणकात आहे, कागद कशाला सांभाळायचे?" असा विचार तेव्हाच्या मैत्रिणींनी केला. मी त्यांना दोष देत नाही. मी असते तरी तेच केलं असतं.

मी संगणक उघडला. फाइल होती. नाव बरोबर, तारीख बरोबर. उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा. मध्येच डॉलरचं चिन्ह, मध्येच डोक्यावर टोपी घातलेला 'ए', मध्येच कंस. मराठीचा एक काना नाही. मावशी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांना वाचता येतं. त्या एवढंच म्हणाल्या, "हे माझं न्हवं."

महिनाभर आधी आमचा संगणक फार हळू चालतो म्हणून दुरुस्तीवाल्याने तो फॉरमॅट केला होता. नवी विंडोज टाकली, नवं वर्ड टाकलं. "मॅडम, डेटा सगळा सेफ आहे," असं सांगून पैसे घेऊन गेला. खोटं नव्हतं ते. फाइली सगळ्या होत्या. मी त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "जुनी फाइल करप्ट झाली असेल. डिलीट करा, जागा तरी होईल."

मैत्रिणींनो, त्या क्षणी मी ती फाइल डिलीट केली असती, तर एका बाईची चार बैठकांची लढाई मी एका बटणाने पुसली असती. आणि मला त्याची खंतही वाटली नसती, कारण जाणकार पुरुषाने तसं सांगितलं होतं!

मला वाचवलं ते तहसील कचेरीसमोर टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या एका बाईने. पंचवीस वर्षं ती प्रतिज्ञापत्रं, अर्ज, लग्नपत्रिका टाइप करते आहे. तिने फाइलीकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "फाइल खराब नाही ताई, फॉन्ट गेलाय." मग तिने मला जे समजावलं ते साध्या शब्दांत इथे सांगते, कारण बहुतेक संस्थांच्या कपाटात आणि संगणकात हेच संकट दडून बसलेलं आहे.

त्या काळी आपण मराठी टाइप करत होतो, पण संगणकाला ते मराठी आहे हे ठाऊकच नव्हतं. आत साठायची ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. म्हणजे आत 'ए' असेल तर पडद्यावर एखादं मराठी अक्षर दिसायचं. हा मुखवटा प्रत्येक कंपनीचा वेगळा. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावं आपल्यापैकी अनेकींना आठवत असतील. एकीतलं मराठी दुसरीत नेलं की वाचता येत नसे. फॉरमॅट करताना दुरुस्तीवाला आपल्या फाइली उचलून ठेवतो, पण फॉन्ट विंडोजच्या पोटात असतात. विंडोज पुसली की ते जातात. मग वर्ड नाइलाजाने दुसरा फॉन्ट लावतं आणि मुखवट्याखालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

असं का होऊ दिलं गेलं? उपाय नव्हता असं नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे सामाईक मानक १९९१ साली झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात देवनागरी होती. २००० सालच्या विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी वापरता येत होती. तरीही पुढे कितीतरी वर्षं संस्था, छापखाने, कचेऱ्या जुन्या फॉन्टमध्येच लिहीत राहिल्या. हातांना तोच की-बोर्ड सवयीचा होता, पॅकेजला पैसे मोजलेले होते, आणि पुढे काय होईल हे आपल्याला सांगायला कुणी आलं नाही. आपणही विचारलं नाही.

त्या टायपिंगवाल्या बाईकडे जुना संगणक अजून चालू होता आणि त्यात तोच फॉन्ट होता. मावशींना विचारून, त्यांना बरोबर घेऊनच मी पेन ड्राइव्ह घेऊन गेले. फाइल उघडली आणि पडद्यावर मराठी उमटलं. मावशींनी स्वतः मोठ्याने वाचलं. दोन खोल्या, विहीर, पितळेची घागर, पाटल्या, सह्या करणाऱ्या पंचांची नावं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती गप्प झाली. प्रत छापून घेतली, त्या संगणकात फाइल राहू दिली नाही.

आमच्या वकील मैत्रिणीने स्पष्ट सांगितलं की सह्या नसलेली ही छापील प्रत एकटी फार वजनाची नाही. सहीचा कागदच हवा होता. पण या प्रतीमुळे पंचांची नावं कळली. त्यांतले एक, निवृत्त शिक्षक, हयात आहेत. त्यांना सगळं आठवतं आणि ते साक्षीला तयार आहेत. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ याखाली सामायिक घरात राहण्याच्या हक्कासाठी आम्ही अर्ज केला आहे. निकाल लागायचा आहे. मावशी अजून त्या दोन खोल्यांतच आहेत.

आता माझं म्हणणं.

काही मैत्रिणी म्हणतील, रोज बाया मार खाऊन दारात येतात आणि ही फॉन्टची गोष्ट काय सांगत बसली आहे? हा तांत्रिक प्रश्न आहे, तो दुरुस्तीवाला बघेल. मला हे मान्य नाही. बाईचं म्हणणं कुणी लिहून घ्यायचं, ते कुठे ठेवायचं आणि वीस वर्षांनी ते कुणाला वाचता यायचं, हा सत्तेचा प्रश्न आहे. पोलीस ठाण्यात नोंद घेत नाहीत म्हणून आपण भांडतो. मग आपल्याच केंद्रातली नोंद आपल्याला वाचता येत नसेल, तर आपण कुठल्या तोंडाने भांडणार?

दुसरं. संगणकाचं ज्ञान पुरुषांचं, असं आपण नकळत मानून चाललो आहोत. खरं तर गावोगाव मराठी टाइप करण्याचं काम मोठ्या संख्येने बायांनीच केलं. पानामागे मिळणाऱ्या थोड्या पैशांवर त्यांनी डोळे आणि पाठी झिजवल्या. कुठल्या फॉन्टमध्ये काय बिघडतं हे त्यांना तोंडपाठ आहे. पण त्यांना आपण 'ऑपरेटर' म्हणतो आणि संगणक फॉरमॅट करून जाणाऱ्या मुलाला 'एक्स्पर्ट'. ही श्रमविभागणी आपल्या ओळखीची नाही का?

तिसरं आणि सगळ्यात काळजीचं. आमचा संगणक दुरुस्तीसाठी दोन दिवस त्या मुलाच्या दुकानात होता. त्यात शेकडो बायांची नावं, पत्ते, गर्भपाताच्या, बलात्काराच्या, पळून आल्याच्या हकीगती होत्या. आम्ही बायांना सांगतो, "इथे बोललेलं बाहेर जाणार नाही." आणि स्वतः ते सगळं पिशवीत घालून बाजारात देतो. तीच गत फॉन्ट बदलून देणाऱ्या फुकट वेबसाइटची. घाईघाईत कुणा बाईचा जबाब तिथे चिकटवला, की तो कुठे गेला ते आपल्याला कळत नाही.

म्हणून आम्ही केंद्रात काही गोष्टी ठरवल्या आहेत. इतर गटांनीही त्यांच्यावर विचार करावा.

एक, न वाचता येणारी फाइल डिलीट करायची नाही आणि त्यात काही बदलून सेव्हही करायची नाही. वर्डला ती अक्षरं इंग्रजी वाटतात. ते आपणहून वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतं, स्पेलिंग 'सुधारतं', आणि त्या प्रत्येक सुधारणेने आतलं एक मराठी अक्षर बदलतं. आधी प्रत काढायची, मग प्रतीवर काम.

दोन, त्या कचऱ्यावर कर्सर ठेवून वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव वाचायचं. फॉन्ट संगणकात नसला तरी त्याचं नाव तिथे दिसतं. ते वहीत लिहायचं. अर्धं काम तिथेच होतं.

तीन, १९९७ च्या आधीच्या वर्डमधल्या फाइली आजचं वर्ड सुरक्षेच्या कारणाने बहुधा अडवतं. ती फाइल मेलेली नसते. सेटिंगमधली अडवणूक काढता येते, किंवा लिब्रे ऑफिस हे मोफत पॅकेज वापरून बघता येतं. ज्या गटांचे जुने अंक पेजमेकरमध्ये आहेत त्यांनी तर थांबूच नये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची आहे. जिथे तो अजून चालतो अशा संगणकावरून अंकांच्या पीडीएफ करून घ्याव्यात.

चार, जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तो इंटरनेट बंद ठेवून, आपल्याच संगणकावर. आणि बदलल्यावर दोघींनी बसून मूळ प्रतीशी ताडून वाचायचा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात. 'कर्ज'चं 'कजर्' होतं ते दिसतं तरी, पण आडनाव बदललं तर ते कुणाच्या लक्षात येणार? मूळ फाइल जपूनच ठेवायची.

पाच, फॉरमॅट करण्याआधी फॉन्ट, पॅकेजच्या सीडी आणि त्यांचे लॉक कुठे आहेत हे विचारायचं. दुरुस्ती आपल्याच जागेत, आपल्यासमोर करून घ्यायची. प्रत्येक गटात निदान दोघींनी हे काम शिकायचं. एकीवर ठेवलं तर तीच उद्याची 'एक्स्पर्ट' होईल.

सहा, सहीचा कागद फाडायचा नाही. आणि त्याची एक प्रत बाईला द्यायची, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. नोंद आधी तिची आहे, मग आपली.

यासाठी वेळ लागतो, पैसे लागतात. देणगी देणारे नवा संगणक देतात, पण जुन्या नोंदी वाचवायला पैसे मागितले तर हसतात. आपण ते मागितले पाहिजेत, अंदाजपत्रकात वेगळी ओळ घालून मागितले पाहिजेत.

ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली छापलं गेलं आणि विसरलं गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. ९३ वर्षांनी हाती आलेला कागद कुणालाही उघडून वाचता आला. आमची फाइल वीसेक वर्षांतच मुकी झाली होती. आपल्या चळवळीची दोन-तीन दशकं अशा मुक्या फाइलींमध्ये अडकून पडली आहेत. त्या वाचू शकणाऱ्या बाया आणि ते जुने संगणक अजून आहेत. तेही फार दिवस राहणार नाहीत.

पुढच्या महिन्यात आम्ही त्या टायपिंगवाल्या बाईला केंद्रात शिकवायला बोलावलं आहे. मानधन देऊन. तिने विचारलं, "मला काय येतंय शिकवायला?" मावशी तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "तुला वाचता येतं की गं, जे कुणाला येत न्हाई."