गृहविद्या : लिनक्स आणि बिनतारी जाळें

'विंडोज १०' प्रणालीचें नित्याचें सुरक्षा-साह्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. जळगांव-धुळ्याकडील एकत्र कुटुंबांत एकाच लॅपटॉपवर धाकट्यांचा अभ्यास व वडिलांचा पत्रव्यवहार चालतो. असें धडधाकट यंत्र टाकून नवें घेणें सर्वांस परवडत नाहीं. लिनक्स ही विनामूल्य प्रणाली त्यास पुन्हां कामास लावते. मात्र पुष्कळांचें घोडें वायफायपाशीं अडतें.

सुज्ञ वाचकहो, आधीं निदान, मग औषध! टर्मिनलमध्यें 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा इंग्रजींत लिहावी. 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढें 'येस' दिसल्यास 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' ही आज्ञा पुरे. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढें दिसल्यास यंत्राच्या कडेचें बटण किंवा कळफलकावरील विमानाची कळ पाहावी. वायफायचा उल्लेखच नसेल, तर 'एलएसपीसीआय' या आज्ञेनें आंतील कार्डाचें नांव काढावें. बहुधा त्याचें फर्मवेअर, म्हणजे कार्डास चालना देणारी लहानशी आज्ञावली, उणें असतें.

तें बहुधा कारखानदाराच्या मालकीचें असतें. म्हणून मुक्त प्रणालीचा आग्रह धरणारें डेबियन मंडळ तें आपल्या अधिकृत स्थापना-प्रतींत घालीत नसे. २०२२ च्या मतदानानें हा नियम पालटला व २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून तें सोबत मिळतें. जुनी प्रत असल्यास नवी घ्यावी.

जाळ्यावाचून फर्मवेअर आणावें कसें? मोबाइल केबलनें जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावें. तेवढ्यापुरतें जाळें मिळतें. फर्मवेअर बसवून यंत्र पुन्हां चालू करावें. एवढी खटपट केल्यास घरांतील विद्यार्थ्याचा अभ्यास नव्या यंत्राच्या पैशांवाचून खोळंबणार नाहीं.