गणपतीची उंची नेमकी कोण ठरवतं? पीओपी, सहा फुटांची रेघ आणि वाशीतल्या मंडळांसमोरचा प्रश्न

फेब्रुवारी २०२५ मध्ये माघी गणेशोत्सव झाला आणि कांदिवलीच्या 'चारकोपच्या राजा'चं विसर्जनच अडलं. मूर्ती पीओपीची होती आणि हायकोर्टाचा आदेश ताजा होता. मंडळाने मूर्ती कापडाने झाकून ठेवली. एक-दोन दिवस नाही, जवळपास सहा महिने. शेवटी ऑगस्टमध्ये ती समुद्रात गेली.

या सहा महिन्यांत सोशल मीडियावर दोन गट पडले. एक म्हणत होता, सगळे नियम आमच्याच सणाला का? दुसरा म्हणत होता, पाणी घाण करून कसली भक्ती? या भांडणात मधला एक माणूस मात्र कुणाला दिसला नाही. तो म्हणजे मूर्ती घडवणारा कारागीर. खरं तर हा सगळा प्रश्न सुरू होतो त्याच्या कार्यशाळेत, विसर्जनाच्या घाटावर नाही.

आधी समजून घेऊ, झालं काय?

१२ मे २०२० रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात पीओपीच्या मूर्तींवर बंदी होती. कोरोनामुळे ती वर्षभर पुढे ढकलली गेली. त्यानंतरही बाजारात पीओपी मिळतच राहिलं.

मग प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. याचिकाकर्त्यांमध्ये मातीच्या मूर्ती घडवणारे मूर्तिकारही होते, हे लक्षात ठेवा. म्हणजे ही लढाई नुसती 'पर्यावरणवादी विरुद्ध मंडळं' अशी नाही, ती मूर्तिकार विरुद्ध मूर्तिकार अशीही आहे.

पुढच्या तीन तारखा महत्त्वाच्या आहेत:

• ३० जानेवारी २०२५: बंदी काटेकोरपणे पाळा, असा कोर्टाचा आदेश. यातच चारकोपची मूर्ती अडकली.

• ९ जून २०२५: पीओपीच्या मूर्ती घडवायला आणि विकायला मुभा. पण नदी, तलाव, खाडी, समुद्र अशा नैसर्गिक पाण्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय विसर्जन नाही.

• २४ जुलै २०२५: सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच. त्याहून उंच मूर्तींना नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची परवानगी, पण फक्त मार्च २०२६ पर्यंत.

यादरम्यान १० जुलैला राज्य सरकारने गणेशोत्सवाला 'राज्य महोत्सव' घोषित केलं. गणेश चतुर्थी होती २७ ऑगस्टला. म्हणजे मूर्ती घडवायची परवानगी सणाच्या ७९ दिवस आधी मिळाली आणि तिचं विसर्जन कुठे करायचं हे ३४ दिवस आधी कळलं.

मोठी मूर्ती घडते कशी?

मंडळाची मूर्ती हे एका माणसाचं काम नसतं. आधी चित्र काढलं जातं आणि त्यावर मंडळाची पोरं तासन्‌तास चर्चा करतात. मग मातीत नमुना, नमुन्यावरून साचा आणि साच्यात पीओपी. मजबुतीसाठी त्यात काथ्या घालतात. हात, पाय, धड, मुकुट वेगवेगळे भाग तयार होतात. आत लाकडाचा किंवा लोखंडाचा सांगाडा उभा राहतो, त्यावर भाग जोडले जातात, सांधे बुजवले जातात. पुढे घासकाम, रंगकाम, दागिन्यांचं काम. शेवटी डोळ्यांची आखणी, आणि ती शक्यतो सगळ्यात अनुभवी हाताकडेच जाते.

कितीतरी मंडळांत कामाची सुरुवात पाद्यपूजनाने होते. तिथून पुढे कार्यशाळेत वेल्डर, सुतार, साचेवाला, रंगारी असे सगळे एकाच मूर्तीवर राबतात. वर्गणी देणारी वस्तीसुद्धा या कामात भागीदार असते. एखाद्या परदेशी शहरात लोकांनी मिळून एवढी कलाकृती उभारली तर आपण तिला 'इन्स्टॉलेशन' म्हणून लाइक करतो. आपल्याकडे हे दरवर्षी गल्लीगल्लीत होतं.

मग मातीची का नाही घडवत?

कारण उंची. मूर्तीची उंची दुप्पट केली की रुंदी आणि जाडीही दुप्पट होते, म्हणजे भरीव मूर्तीचं वजन आठपट होतं. शाडू माती जड असते, हळू वाळते आणि ऐन पावसाळ्यात तिला तडे जायची भीती असते. पंधरा फुटी शाडूची मूर्ती ट्रॉलीवर चढवून खड्ड्यांतून आणायची म्हणजे मूर्तिकाराच्या पोटात गोळाच येणार.

पीओपी काही मिनिटांत घट्ट होतं. मूर्ती आतून पोकळ ठेवता येते, म्हणून ती हलकी होते. एकाच साच्यातून अनेक मूर्ती निघतात, त्यामुळे स्वस्तही पडते. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात घरगुती मूर्तींचं काम जवळपास वर्षभर चालतं. तिथेही पीओपीने वेग आणि भाव दोन्हीचं गणित बदललं.

पण पाण्यात गेल्यावर?

पीओपी पाण्यात गेलं की जिप्सम बनतं. जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. त्यामुळे मूर्तीचे तुकडे महिनोन्‌महिने तळाशी पडून राहतात. वरून रासायनिक रंग असतील तर त्यातले धातू पाण्यात उतरतात.

आता वाशीत या. अनंत चतुर्दशीला शिवाजी चौकातून मिरवणुका जातात, महापालिकेकडून मूर्तींवर पुष्पवृष्टी होते. तिथून थोड्या अंतरावर ठाणे खाडी आहे. याच खाडीचा वाशी पूल ते ऐरोली पूल दरम्यानचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. फ्लेमिंगो आणि कोळी बांधव दोघांचंही पोट या खाडीवर आहे.

नवी मुंबई महापालिकेने यावर आधीच एक उपाय केला होता. शहरातल्या १४ मुख्य तलावांत दगडी जाळीची, म्हणजे गॅबियन भिंत घालून साधारण ३० टक्के भाग विसर्जनासाठी वेगळा काढला. शिवाय दरवर्षी कृत्रिम तलाव बांधले जातात. उपाय चांगला आहे, पण तो सगळा शेवटच्या टोकाचा. मूर्ती कशाची आणि केवढी, यावर त्याने काहीच फरक पडत नाही.

सहा फुटांच्या रेघेत अडचण काय?

एक साधा हिशोब करू. घरातली मूर्ती दीड फुटी आणि मंडळाची बारा फुटी धरा. उंची आठपट. दोन्ही पोकळ आणि कवचाची जाडीही सारखीच धरली, तरी मोठ्या मूर्तीला लागणारं पीओपी ६४ पट होतं. प्रत्यक्षात मोठ्या मूर्तीचं कवच जाड असतं, म्हणजे फरक आणखी वाढतो.

म्हणजे एका इमारतीतल्या ६४ घरांनी शिस्तीत कृत्रिम तलाव गाठला आणि खालच्या मंडळाची एकच मूर्ती खाडीत गेली, तर हिशोब जवळपास बरोबरीत सुटतो. नियमाची बाजूही समजून घ्यायला हवी. घरगुती मूर्ती संख्येने प्रचंड आहेत आणि वीस फुटी मूर्ती मावेल असा कृत्रिम तलाव बांधणं सोपं नाही. अडचण व्यवहाराची आहे, हे मान्य. पण मग जी मूर्ती सगळ्यात जास्त पीओपी वापरते, तिलाच २०२५ मध्ये सूट मिळाली, हेही मान्य करावं लागेल.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात पीओपीची मूर्ती विरघळवायची पद्धत शोधली आहे. त्यातून खत म्हणून वापरता येणारं अमोनियम सल्फेटही मिळतं. घरच्या बादलीत हे छान जमतं. वीस फुटी मूर्तीला बादली कुठून आणणार?

उंची कमी केली तर परंपरा मोडते का?

याचं उत्तर आपण अलीकडेच जगलोय. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे मंडळांच्या मूर्तींना चार फुटांची मर्यादा होती. उत्सव झाला, आरत्या झाल्या, बाप्पाही आले. २०२२ मध्ये मर्यादा उठली आणि उंची परत वाढली. म्हणजे उंची ही मंडळं आणि सरकार मिळून घेत असलेली निवड आहे.

कोलकात्यातल्या दुर्गापूजेकडे बघा, जिला डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. कुमारटुलीचे कारागीर बांबू, पेंढा आणि नदीच्या मातीतून माणसापेक्षा कितीतरी उंच मूर्ती घडवतात. आत पेंढा असल्याने माती कमी लागते. आणि भव्यतेची हौस बरीचशी मंडपात भागवली जाते. तिथले मंडप हीच मोठी सामूहिक कलाकृती असते.

पुण्यात वेगळी वाट आहे. दगडूशेठ हलवाई गणपतीची मुख्य मूर्ती कायमची आहे, दरवर्षी नवी घडवून बुडवत नाहीत. भाऊसाहेब रंगारी गणपतीचंही तेच. त्यामुळे भक्ती कमी झाली, असं कुणी म्हणणार नाही.

मूर्तिकाराचं काय?

हा प्रश्न खरा आहे. कायमची मूर्ती म्हणजे दरवर्षीचं काम गेलं. शाडू म्हणजे जास्त दिवस, जास्त मजुरी, जास्त जोखीम. पीओपीवर पोट असलेल्या कारागिराला 'उद्यापासून माती घे' सांगणं सोपं आहे, पण त्याच्या साच्यांत आणि कच्च्या मालात पैसा आधीच अडकलेला असतो. आणि निकाल जून-जुलैत आला, तर नुकसान कोर्टाचं होत नाही, सरकारचंही नाही, त्याचंच होतं.

म्हणून खरी मागणी वेळेची आहे. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. मोठ्या मूर्तींना २०२५ मध्ये मिळालेली मुभा मार्च २०२६ पर्यंतचीच होती. त्यानंतर काय, हे साचे भरायच्या आधी कळलं पाहिजे. उंची टप्प्याटप्प्याने कमी करायची असेल, तर पुढच्या तीन-चार वर्षांचं वेळापत्रक आत्ताच द्यावं. माती, कागदाचा लगदा, पेंढा यांवर मोठं काम करायचं प्रशिक्षण आणि पावसात मूर्ती वाळवायला जागा द्यावी. देखाव्यावर जास्त खर्च झाला तर तेच सुतार, रंगारी आणि वेल्डर तिथेही कामाला लागतात.

आणि सगळंच कोर्टावर सोडायची गरज नाही. पुढच्या वर्षीची मूर्ती केवढी, हे तुमच्या सेक्टरमधलं मंडळ बुकिंगच्या आधीच्या बैठकीत ठरवतं. वर्गणी तुमचीही असते. त्या बैठकीला जा आणि मूर्तीची उंची विचारा.