फाइव्ह-जी : चिन्ह एक, रचना दोन

मोबाइलच्या पडद्यावर ‘फाइव्ह-जी’ अशी अक्षरे उमटली, की आपण नव्या जाळ्यावर आलो, असा ग्राहकाचा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात या सेवेचा प्रारंभ झाला, तेव्हाच रिलायन्स जिओ आणि भारती एअरटेल यांनी दोन भिन्न वाटा धरल्या होत्या. जिओने ‘स्टँडअलोन’, तर एअरटेलने ‘नॉन-स्टँडअलोन’ रचना स्वीकारली.

‘नॉन-स्टँडअलोन’ म्हणजे जुन्या वाड्यावर चढविलेला नवा मजला. मनोऱ्यावर फाइव्ह-जीची यंत्रणा बसते. मात्र ग्राहकाची नोंदणी, जोडणी व नियंत्रण ही कामे फोर-जीच्याच यंत्रणेकडे राहतात. ‘स्टँडअलोन’मध्ये पायाही नवा असतो. मानके ठरविणाऱ्या ‘थ्रीजीपीपी’ने पहिल्या प्रकाराचे मानक डिसेंबर २०१७ मध्ये, तर दुसऱ्याचे जून २०१८ मध्ये पूर्ण केले. साहजिकच दक्षिण कोरियासह ज्यांनी २०१९ मध्ये सेवा सुरू केली, त्यांनी पहिली वाट धरली.

भारतात मात्र ही निवड केवळ तंत्रज्ञांची नव्हती, ती हिशेबाचीही होती. ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण भिंतींपुढे त्या लवकर क्षीण होतात. फोर-जीचा आधार न घेता घराघरांत पोहोचायचे, तर खालच्या पट्ट्यातील लहरी हव्यात. त्यासाठी जिओने ऑगस्ट २०२२ मध्ये संपलेल्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला आणि एकट्या त्या पट्ट्यापोटी सुमारे ३९ हजार २७० कोटी रुपये मोजले. २०१६ व २०२१ च्या लिलावांत हाच पट्टा कोणी घेतला नव्हता. एअरटेलची त्या लिलावातील संपूर्ण खरेदीच सुमारे ४३ हजार ८४ कोटींची होती! हाती असलेल्या फोर-जी लहरींवर भागत असताना एवढा खर्च कशाला, हा एअरटेलचा युक्तिवाद त्या वेळी व्यवहार्य होता. शिवाय आरंभी अनेक हँडसेट ‘स्टँडअलोन’साठी सज्जही नव्हते.

व्हिडिओ पाहणाऱ्या सामान्य ग्राहकाला या दोहोंतील फरक सहसा जाणवत नाही. तो जाणवू शकेल तो ‘स्लायसिंग’मुळे. एकाच जाळ्याचे स्वतंत्र भाग पाडून प्रत्येकाला ठरावीक दर्जाची हमी देण्याची ही सोय खऱ्या अर्थाने ‘स्टँडअलोन’मध्येच शक्य होते. तारेविना घरपोच इंटरनेट देणाऱ्या सेवांना तिचा मोठा उपयोग आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू झालेली ‘जिओ एअरफायबर’ ही त्यांतलीच. एअरटेलही या सेवेसाठी पुढे ‘स्टँडअलोन’कडे वळली, हे पुरेसे बोलके आहे. उशिरा, म्हणजे मार्च २०२५ मध्ये, मुंबईतून सुरुवात करणाऱ्या व्होडाफोन आयडियाने मात्र पुन्हा ‘नॉन-स्टँडअलोन’चीच कास धरली, कर्जभाराखालील कंपनीपुढे दुसरा पर्याय फारसा नव्हता.

खरा प्रश्न येथेच उभा राहतो. मनोऱ्याची क्षमता मर्यादित असते. तिचा एक भाग हमीच्या ग्राहकासाठी राखला, तर गर्दीच्या वेळी ताटकळायचे कोणी? लोकलमध्ये उभ्या असलेल्या प्रीपेड ग्राहकाने? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, अर्थात ‘ट्राय’ने, फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘नेट न्यूट्रॅलिटी’चे तत्त्व स्वीकारले, तथापि ‘विशेष सेवां’ना त्यातून वगळण्यात आले. ही सवलत दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून सुचविण्यात आली होती. जादा पैसे मोजणाऱ्याच्या गेमिंगला त्याच दारातून प्रवेश मिळणार काय, हे नियामकाला स्पष्ट करावे लागेल.

ग्राहकाकडून पैसे मात्र दोन्ही रचनांसाठी जवळपास सारखेच घेतले जातात. जुलै २०२४ च्या दरवाढीवेळी जिओ व एअरटेल या दोघांनीही अमर्याद फाइव्ह-जी दररोज दोन जीबी वा त्याहून अधिक डेटाच्या योजनांपुरते सीमित केले. त्याच वर्षी ‘ट्राय’ने गुणवत्तेचे नवे नियम आणून कंपन्यांना सेवेचे नकाशे संकेतस्थळावर देणे बंधनकारक केले. त्यांत टू-जी ते फाइव्ह-जी अशी तंत्रज्ञाननिहाय विभागणी आहे. फाइव्ह-जीखाली कोणती रचना आहे, हा रकाना त्यांत घालणे काही अवघड नाही.