विश्लेषण : आर्क्टिकमधील मुलांना स्कीइंग शिकवायला स्वयंसेवक का जातात? आठवडा संपल्यावर काय उरते?

अलास्काच्या वायव्य भागातील बहुतेक गावांपर्यंत रस्ताच जात नाही. किराणा, टपाल, शिक्षक, रुग्ण अशा सगळ्यांची ने-आण लहान विमानांतून होते. २०१२ पासून वसंत ऋतूत या विमानांतून आणखी एक सामान उतरू लागले. ते म्हणजे मुलांच्या मापाच्या स्की, बूट आणि काठ्या. सोबत तीन-चार प्रशिक्षक असतात. ते मानधन घेत नाहीत. शाळेच्याच एखाद्या खोलीत पथारी पसरतात, आठवडाभर मुलांना स्कीइंग शिकवतात आणि पुढच्या विमानाने परततात. शेजारच्या कॅनडातही मूलनिवासी मुलांसाठी असे उपक्रम सुरू आहेत. या कामाचे कौतुक होते आणि ते व्हायलाही हवे. मात्र याच उत्तर ध्रुवीय पट्ट्यात सुमारे साठ वर्षांपूर्वी असाच एक प्रयोग झाला होता. त्यातून ऑलिम्पिकपटू घडले आणि काही वर्षांनी सरकारी पैशाबरोबर तो प्रयोगही आटला. त्यामुळे आजच्या उपक्रमांकडे पाहताना किती मुले स्कीवर उभी राहिली, एवढेच मोजून चालत नाही.

हे स्कीइंग नेमके कोणते?

स्कीइंग म्हटले की आपल्याला गुलमर्ग किंवा औलीचा उतार आठवतो. तिथे पाळण्यातून वर जायचे आणि घसरत खाली यायचे. क्रॉस-कंट्री स्कीइंग हा त्याहून वेगळा प्रकार आहे. यात सपाट किंवा हलक्या चढ-उताराच्या बर्फावर स्वतःच्या ताकदीने पुढे जायचे असते. बुटाचा फक्त पुढचा भाग स्कीला जोडलेला असतो, टाच मोकळी राहते. हात, पाय, पाठ, छाती अशा साऱ्या शरीराला काम पडते. डोंगर लागत नाही, पाळणा लागत नाही, तिकीट लागत नाही. बर्फ, स्की आणि बूट एवढ्यावर भागते. आर्क्टिकच्या सपाट प्रदेशात नेमके हेच सोयीचे ठरते. गोठलेली नदी आणि शाळेमागचे मैदान हीच तिथली क्रीडांगणे.

‘स्कीकू’ काय करते?

अलास्कातील ऑलिम्पिक स्कीपटू लार्स फ्लोरा यांनी २०१२ मध्ये हा उपक्रम सुरू केला. फ्लोरा २००२ चे सॉल्ट लेक सिटी आणि २००६ चे तुरीन अशी दोन हिवाळी ऑलिम्पिक खेळले आहेत. सुरुवातीला उपक्रमाचे नाव होते ‘नाना नॉर्डिक’. ‘नाना’ ही त्या भागातील इनुपिआक लोकांची प्रादेशिक कंपनी. तिच्या क्षेत्रात कॉटझेब्यू हे मुख्य ठाणे आणि नोआटाक, सेलाविक, किआना, किवालिना अशी मिळून ११ वस्त्या आहेत. काम इतर भागांत पसरले तेव्हा नाव बदलून ‘स्कीकू’ झाले. इनुपिआक भाषेत ‘सिकु’ म्हणजे बर्फ, त्याला ‘स्की’ जोडली.

मार्च-एप्रिल हा काळही विचारपूर्वक निवडलेला आहे. आर्क्टिकमध्ये हिवाळ्यात सूर्य जेमतेम दिसतो. वसंतात दिवस झपाट्याने मोठा होतो, पण बर्फ अजून टणक असतो. शाळेच्या तासांना वर्गावर्गाने मुले बाहेर येतात आणि शाळा सुटल्यावर हवी तितकी खेळतात. आठवड्याच्या शेवटी छोटीशी शर्यत होते. स्वयंसेवकांत माजी ऑलिम्पिकपटू असतात, महाविद्यालयीन खेळाडू असतात आणि हौशी पालकही असतात.

अलास्का हे अमेरिकेतील स्कीइंगचे माहेरघर आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवे. अमेरिकेला या खेळातले पहिले ऑलिम्पिक सुवर्ण २०१८ मध्ये मिळाले. ते जिंकणाऱ्या जोडीतील किक्कन रँडल अँकरेजची. त्या शहरात यंत्रांनी सपाट केलेले, रात्री दिव्यांनी उजळणारे स्की मार्ग आहेत. म्हणजे एकाच राज्यात एकीकडे जागतिक दर्जाचे खेळाडू, तर दुसरीकडे वर्षातले सहा-सात महिने बर्फात राहूनही स्की पायात न घातलेली मुले. दोन्हींच्या मध्ये फक्त विमानाचे महागडे तिकीट आहे.

बर्फात राहणाऱ्यांना बाहेरच्यांनी का शिकवायचे?

हा प्रश्न रास्त आहे. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींकडे बर्फावर फिरण्याची स्वतःची साधने होती. कुत्र्यांच्या घसरगाड्या आणि जाळीदार बर्फ-पादत्राणे ही त्यांतली मुख्य. स्कीचा उगम मात्र दुसरीकडचा, युरेशियाच्या उत्तरेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलास्कात रेनडिअर पालन शिकवण्यासाठी स्कँडिनेव्हियातून सामी कुटुंबे आणली गेली. त्यांच्यासोबत स्कीही आल्या. म्हणजे एका मूलनिवासी समाजाने दुसऱ्याकडे नेलेली ही वस्तू आहे. तिला निव्वळ ‘गोऱ्यांचा खेळ’ म्हणणे पुरते खरे नाही. आज या गावांत फिरण्याचे मुख्य साधन स्नोमोबाइल आहे आणि मुलांचा आवडता खेळ बास्केटबॉल. तो व्यायामशाळेत, चार भिंतींच्या आत खेळला जातो.

स्वयंसेवकांचे म्हणणे असे की, स्की मुलांना घराबाहेर काढते. त्यामागे एक गंभीर कारण आहे. अलास्कातील मूलनिवासी तरुणांत आत्महत्यांचे प्रमाण अमेरिकेच्या सरासरीहून कित्येक पटींनी जास्त आहे. एका आठवड्याच्या खेळाने ते कमी होईल, असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. पण लांब हिवाळा, अंधार आणि करायला फारसे काही नाही, अशा ठिकाणी अंग दमवणारी, जमली याचा आनंद देणारी गोष्ट हाताशी असणे लहान नाही.

साठ वर्षांपूर्वी काय घडले होते?

ही गोष्ट कॅनडाची. ज्याँ-मारी मूशे हे फ्रान्समधून आलेले कॅथलिक धर्मगुरू. युकॉन प्रांतातील ओल्ड क्रो या ग्विचिन लोकांच्या गावात ते १९५०च्या दशकात राहायला गेले आणि तिथे त्यांनी स्कीइंग सुरू केले. फासे लावणे, लाकूड वाहणे, मैलोन् मैल चालणे यांतून लोकांची शरीरे आधीच कणखर झाली होती. ही ताकद खेळात उतरू शकते, हे मूशेंनी ओळखले. त्याच गावातील मार्था बेंजामिन १९६३ मध्ये कॅनडाची राष्ट्रीय विजेती ठरली.

पुढे मूशे नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधील इनुव्हिक येथे आले. १९६७ मध्ये तिथे केंद्र सरकारच्या पैशातून ‘टेरिटोरियल एक्सपेरिमेंटल स्की ट्रेनिंग’, थोडक्यात ‘टेस्ट’ नावाचा कार्यक्रम उभा राहिला. नावातला ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द शोभेचा नव्हता. खेळातून येणारी जिद्द मूलनिवासी मुलांच्या शिक्षणात, नोकरीत, एकूणच मुख्य प्रवाहातील जगण्यात उतरते का, हे सरकारला तपासायचे होते. मुलांना मिळाली स्की, सरकारला मिळणार होते निष्कर्ष.

खेळाच्या अंगाने निकाल थक्क करणारा होता. जपानमधील साप्पोरो येथे १९७२ मध्ये झालेल्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी कॅनडाचा क्रॉस-कंट्री संघ निवडला गेला, तेव्हा त्यात ‘टेस्ट’मधून आलेले अनेक जण होते. त्यांत होत्या शॅरन आणि शर्ली फर्थ. अक्लाविक येथे जन्मलेल्या या ग्विचिन जुळ्या बहिणी तेव्हा १८ वर्षांच्या होत्या. १९७२, १९७६, १९८० आणि १९८४ अशी सलग चार ऑलिम्पिक त्या खेळल्या. दोघींनी मिळून राष्ट्रीय स्पर्धांत ७९ पदके मिळवली, त्यांत ४८ विजेतेपदे. १९८७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ आणि २०१५ मध्ये कॅनडाच्या क्रीडा ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. शर्ली ते पाहू शकल्या नाहीत. २०१३ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मूशेही त्याच वर्षी गेले.

या यशाला काळी किनार कोणती?

त्या काळात कॅनडाच्या उत्तरेत मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळांची व्यवस्था जोरात होती. आपल्याकडच्या आश्रमशाळांशी तिची तुलना करण्याचा मोह होईल, पण करू नये. मुलांना कुटुंबापासून, भाषेपासून तोडणे हा या व्यवस्थेचा हेतूच होता. दीड लाखांहून अधिक मुले या शाळांतून गेली. इनुव्हिकमध्येही चर्चच्या देखरेखीखालील मोठी वसतिगृहे होती. त्यांपैकी कॅथलिक ग्रोलिए हॉलमधील काही कर्मचारी पुढे मुलांच्या लैंगिक शोषणासाठी दोषी ठरले. ‘टेस्ट’मधील अनेक मुले अशाच वसतिगृहांत राहत होती.

म्हणजे ज्या गावात एकीकडे मुलांचे बालपण हिरावले जात होते, त्याच गावात स्कीचा मार्ग ही मोकळ्या श्वासाची जागा होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या ‘सत्य आणि समेट आयोगा’पुढे अनेक माजी विद्यार्थ्यांनी सांगितले की, खेळ होता म्हणून आपण तगलो. हे खेळाचे प्रशस्तिपत्र आहेच, पण त्याहून अधिक ते त्या व्यवस्थेवरचे आरोपपत्र आहे.

इनुव्हिकच्या वसतिगृहात वाढलेला आणि ‘टेस्ट’मध्ये घडलेला एक इनुव्हिआलुइट मुलगा म्हणजे अँगस कॉकनी. तो कुमार गटात राष्ट्रीय विजेता झाला. त्याचा मुलगा जेसी २०१४ आणि २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये कॅनडाकडून क्रॉस-कंट्री स्कीइंग खेळला. गावागावांत मात्र ‘टेस्ट’ची परंपरा अशी टिकली नाही. कार्यक्रमाचा भर हळूहळू निवडक खेळाडूंवर गेला, सरकारी निधी कमी होत गेला आणि मूशेंसारखा तळ ठोकून राहणारा माणूस दुसरा मिळाला नाही. पदके दक्षिणेतल्या संग्रहालयांत पोहोचली, गावात नव्या मुलांसाठी नव्या स्की आल्या नाहीत.

आताचे उपक्रम वेगळे कसे?

मुख्य फरक उद्दिष्टात आहे. आता कोणी ऑलिम्पिकची भाषा करत नाही. कॅनडातील ‘स्पिरिट नॉर्थ’च्या मागे बेकी स्कॉट आहेत. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये त्या तिसऱ्या आल्या होत्या. पुढच्या दोन्ही रशियन खेळाडू उत्तेजकांमुळे बाद झाल्या आणि स्कॉट यांना २००४ मध्ये सुवर्णपदक मिळाले. त्यांची संस्था अल्बर्टातील मूलनिवासी वस्त्यांच्या शाळांपासून सुरू होऊन इतर प्रांतांत गेली. ती हिवाळ्यात स्की शिकवते, उन्हाळ्यात सायकल आणि होड्या चालवायला नेते. ओढ खेळाची लागावी, शाळेत यावेसे वाटावे, एवढेच उद्दिष्ट ठेवलेले आहे. शिवाय भेट एका आठवड्याची नसते. तेच प्रशिक्षक पुन्हा पुन्हा येतात आणि वस्तीतील तरुणांनाही प्रशिक्षक म्हणून घेतले जाते. मला वाटते, ‘स्कीकू’पेक्षा हे प्रारूप अधिक टिकाऊ आहे. मात्र अल्बर्टातील अनेक वस्त्यांपर्यंत गाडीने जाता येते, नोआटाकला जाता येत नाही, हेही विसरता येणार नाही.

सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये केलेल्या ९४ शिफारशींपैकी पाच खेळाविषयी आहेत. मूलनिवासी खेळाडूंचा इतिहास लोकांसमोर आणा, तळाच्या पातळीवरील क्रीडा कार्यक्रमांना स्थिर निधी द्या, प्रशिक्षक त्या संस्कृतीची जाण असणारे हवेत, असे त्यांत म्हटले आहे. धर्मादाय संस्था आज जे करत आहेत, ते सरकारने करावे, असाच या शिफारशींचा रोख आहे.

पैसा कोणाचा?

देणगीदार, प्रायोजक कंपन्या आणि स्वयंसेवकांचा स्वतःचा खिसा. अलास्कात यात एक वेगळा पदर आहे. १९७१ च्या कायद्याने तेथील मूलनिवासींच्या जमिनीच्या दाव्यांच्या बदल्यात प्रादेशिक कंपन्या स्थापन झाल्या आणि स्थानिक लोक त्यांचे भागधारक बनले. ‘नाना’ त्यांपैकीच एक. तिच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे रेड डॉग ही जस्ताची खाण. याच खाणीच्या सांडपाण्यावरून किवालिनातील रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली होती. खाणीचा पैसा नको म्हणणे अँकरेजमध्ये बसून सोपे असते. गावात रोजगार देणारे दुसरे फार काही नसते, तेव्हा प्रश्न इतका सरळ राहत नाही. निदान या कंपनीचे मालक तरी तिथलेच लोक आहेत.

आठवडा संपल्यावर काय होते?

स्की गावातच ठेवल्या जातात. शाळेच्या कोठीत किंवा एखाद्या जुन्या कंटेनरमध्ये. इथून पुढचे सगळे एका माणसावर अवलंबून असते. ज्याच्याकडे त्या कोठीची किल्ली आहे, तो. शिक्षकाला आवड असेल तर मुले नोव्हेंबरपासूनच स्की मागू लागतात. पण ग्रामीण अलास्कात शिक्षक टिकत नाहीत, दोन-तीन वर्षांत बदलून जातात. किल्ली नव्या शिक्षकाकडे जाते आणि कोठीत काय आहे हेही त्याला ठाऊक नसते. बूट लहान होतात, बांधण्याचे पट्टे तुटतात, मेण संपते. जवळचे दुकान विमानाच्या अंतरावर असते.

म्हणून मोठ्या वर्गातील मुलांनाच धाकट्यांना शिकवायला तयार करणे आणि दुरुस्ती गावातल्या हातांना शिकवणे, हे स्वयंसेवकांच्या कामातले सर्वांत कमी दिसणारे पण सर्वांत मोलाचे काम आहे. फोटोत ते येत नाही.

आणखी एक अडचण कोणाच्याच हातात नाही. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतो आहे. नद्या उशिरा गोठतात, लवकर फुटतात. समुद्रावरील बर्फाचा बांध पातळ झाल्याने वादळी लाटा किवालिनाचा किनारा खात आहेत आणि अख्खे गाव हलवण्याची चर्चा अनेक वर्षे सुरू आहे. वसंतातला टणक बर्फ हाच ज्या उपक्रमाचा पाया आहे, त्याला आठवड्यांची निवड आता दरवर्षी नव्याने करावी लागणार आहे.