डिझाइन फुकट मागू नका, मालक!

परवा विजापूर रोडवर चहाला थांबलो होतो. शेजारी आपल्याच भागातले कडक भाकरी आणि शेंगा चटणीवाले एक मालक भेटले. धंदा जोरात आहे. नवं पॅकिंग मशीन घेतलंय, दोन बायका कामाला होत्या तिथं आता आठ आहेत, पुण्याच्या दुकानदारानं माल मागितलाय. म्हटलं, "अण्णा, अभिनंदन! पण पाकीट अजून तेच?" तर म्हणाले, "करून घेऊ की. फ्लेक्सवाला पोरगा हाय ओळखीचा. छपाई त्याच्याकडं दिली की डिझाइन फुकट करतोय."

मशीनला लाखो रुपये, डिझाइन फुकट! हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आज लिहायचंच ठरवलं.

मित्रांनो, मंद्रूपच्या बाजारात माल तुमच्या तोंडाकडं बघून खपतो. अक्काच्या हाताची चटणी कशी असते हे गिऱ्हाइकाला माहीत असतं. पुण्याच्या दुकानात फळीवर अक्का नसते, तिथं फक्त पाकीट असतं. आणि आपली पाकिटं कशी? नऊवारी नेसून भाकरी थापणारी बाई, पिवळी पट्टी, लाल अक्षरं. सगळ्यांची तीच. नाव झाकलं तर मालकालासुद्धा स्वतःचं पाकीट ओळखू येणार नाही.

डिझायनर म्हणजे पुण्या-मुंबईचं खूळ, असंही कोणी समजू नये. सोलापुरी चादरीवरची नक्षी काय आपोआप उमटली का? कुणीतरी ती आधी ग्राफच्या कागदावर चौकोन मोजून काढली, त्यावरून पंचकार्डं झाली, मग जॅकार्डवर चादर विणली गेली. त्या नक्षीनंच चादर देशभर ओळखली जाते. आता भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरचा माल 'सोलापुरी' म्हणून खपवतात ही तक्रार आहेच. ओळख कमवायची असते, तशी राखायचीही असते.

शिवाय लेबल म्हणजे नुसतं चित्र नव्हे. घटक पदार्थ, निव्वळ वजन, किंमत, तारीख, बॅच नंबर, पत्ता, १४ आकडी एफएसएसएआय नंबर, शाकाहाराची हिरवी खूण, हे सगळं ठरलेल्या पद्धतीनं लागतं. शेंगदाणा ॲलर्जीच्या यादीत येतो, त्याचाही उल्लेख लागतो. हे माहीत नसलेल्यानं घाईत केलेलं डिझाइन महागात पडतं. छापील पाऊच मोठ्या ऑर्डरीत करायचे म्हटलं तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर बनतो. त्यात 'चटणी'चं 'चटनी' झालं की सिलिंडरही गेला आणि पाऊचही गेले. फुकटातल्या डिझाइनचं बिल असं मागनं येतं.

आपण तर सीमेवरचे. माल इंडी-विजापूरला जायचा असेल तर कन्नड ओळ हवीच. ती मोबाइलच्या भाषांतरावर सोडू नका. आपल्यात घरी कन्नड बोलणारे एवढे लोक आहेत, वाचता येणाऱ्या एकाला दाखवून घ्या.

मग डिझायनर ठेवायचा कसा? लगेच पगारी माणूस ठेवा असं मी म्हणत नाही. आधी एक काम ठरवून द्या: नाव, लेबल, खोका. दर आठवड्याला काही ना काही लागायला लागलं की महिन्याच्या बोलीवर ठेवा. रोजचं काम झालं की मग नोकरीवर. निवडताना मोबाइलवरची चित्रं बघू नका, त्यानं केलेलं आणि छापून आलेलं पाकीट हातात घेऊन बघा. त्याला एकदा शेडवर बोलवा, भाकरी खायला घाला. आणि "आधी नमुना करून दाखव, मग बघू" असं म्हणून चार पोरांना फुकट राबवू नका.

लिखापढी करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी माणसानं नोकरीत केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. बाहेरच्या माणसाचं तसं नाही. पैसे दिले म्हणजे लोगोचा हक्क आपोआप तुमचा झाला असं समजू नका, तो लेखी नावावर करून घ्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नाही तर तो पाच वर्षांपुरताच धरतात. ओपन फाइलही ताब्यात घ्या. नावाचा ट्रेडमार्क काढा, लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४५०० रुपये आहे.

बचत गटाच्या ताई म्हणतील, आमच्याकडं कुठं एवढे पैसे? खरं आहे. त्यांनी चार रंगी पाऊचच्या मागं लागू नये. साध्या पिशवीवर एकाच रंगाचा, पण नीट अक्षरांचा स्टिकर पुरतो. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत मशीनला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान मिळतं हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच योजनेत गटांना ब्रँडिंगसाठी ५० टक्के मदत आहे, हे किती जणींना कुणी सांगितलं? मशीनच्या कोटेशनसाठी धावणाऱ्या पुढाऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी हेही सांगावं.

डिझायनर पोरांनाही दोन शब्द. इंटरनेटवरचं चित्र उचलून "नवीन केलंय" म्हणू नका. तारीख दिली की पाळा. दर आधी सांगा, मागनं तोंड वाकडं करू नका.

आपल्या गावची पोरं-पोरी कॉम्प्युटरवर हे काम शिकतायत. इथं "फुकट कर की" ऐकतात आणि पुण्याची गाडी धरतात. मग पुण्यातून तेच काम आपण तिप्पट पैशानं करून आणतो. भाकरी आपली, शेंगा आपल्या, नाव आपलं. ते नाव काढणारा हातही आपलाच असू दे, आणि त्याला दाम मिळू दे.

पटत नसेल तर खाली बिनधास्त लिहा. आणि पाकीट करणारं कुणी आपल्या भागात असेल तर आपलं काम कमेंटमध्ये टाका. अण्णांना दाखवतो.